कॉम्प्रेसर हलविण्यात आला

आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाची खोली आणि रसायनशास्त्र विभागाची उपकरणांची खोली यांच्यामध्ये जिन्याखालचा एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात २०१७ पासून एक कॉम्प्रेसर बसविलेला होता. पंक्चरच्या दुकानाबाहेर असतो साधारण तसाच : आडवी लोखंडी टाकी, तिच्यावर मोटार आणि दट्ट्या, टाकीच्या पोटाखाली पाणी सोडावयाची एक छोटी तोटी. टाकीतला दाब उतरला की तो आपोआप सुरू होई आणि पाच-सात मिनिटे आमच्या भिंतीवरची साहित्यिकांची छायाचित्रे थरथरत राहत. विभागात आम्ही दोघेच आहोत, त्यामुळे या लेखातील 'आम्ही' आदरार्थी नाही, संख्यावाचक आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले त्यात कर्ता कोण हाच प्रश्न असल्यामुळे ही खबरदारी.

जुलै २०२२ मध्ये आम्ही प्राचार्यांना एक पत्र लिहिले. कवितेचा तास चालू असताना, ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीचा आरंभ यांमधली जी क्षणभराची स्तब्धता विद्यार्थ्यांना ऐकवायची असते, नेमक्या त्या जागी हे यंत्र धडधडू लागते, अशी आमची तक्रार होती. 'अर्थाचा तंतू तुटतो' असा एक शब्दप्रयोग त्या पत्रात होता आणि तो आम्हांला तेव्हा फार आवडला होता. प्राचार्यांनाही आवडला असावा. तीन आठवड्यांत कॉम्प्रेसर इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, डिझेल जनित्राच्या शेजारी गेला. तिथून उपकरणांच्या खोलीपर्यंत एक लांब नळी आली. आमच्या भिंतीला शांतता लाभली. आम्ही आभाराचे पत्रही दिले.

तो आवाज कशाचा, यंत्र काय करते, कोणासाठी करते, हे विचारावे असे मधल्या पाच वर्षांत आमच्यापैकी एकालाही वाटले नव्हते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रसायनशास्त्र विभागातील गॅस क्रोमॅटोग्राफ बंद ठेवावा लागला. त्यावर कोकमाच्या तेलातील मेदाम्लांवर काम करणारी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी होती. तिच्या आलेखावरची खालची रेषा, जी सपाट असावी लागते, ती महिनाभर हळूहळू वर चढत होती, आणि शिखरे त्या चढत्या जमिनीत बुडत चालली होती. दोष क्रोमॅटोग्राफचा नव्हता. त्याला नायट्रोजन पुरवणारे जनित्र खराब झाले होते, आणि त्यातून आलेल्या प्राणवायूने क्रोमॅटोग्राफच्या आतली केसासारखी बारीक नळीही निकामी केली होती. दुरुस्तीचा आकडा मोठा होता. चौकशी समिती नेमली गेली : लेखापाल आणि आम्ही दोघे. मराठीच्या लोकांना यातले काही कळत नाही म्हणून ते तटस्थ, आणि अहवाल मात्र त्यांना लिहिता येतो, असा त्यामागचा विचार आम्हांला तोंडावरच सांगण्यात आला. दोन्ही विधाने आम्हांला प्रशंसेसारखी वाटली.

आता थोडे त्या यंत्रांविषयी. रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्यांनी आणि कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञाने आम्हांला ते चार दिवस समजावून दिले. ते समजून घेताना आम्हांला जो आनंद झाला त्याची आता थोडी लाज वाटते, कारण त्याच चार दिवसांत दुसरेही काही घडत होते.

पूर्वी आमच्याकडे नायट्रोजन सिलिंडरमधून येई. पावसाळ्यात घाट बंद झाला की सिलिंडरची गाडी अडकत असे. म्हणून जागच्या जागी वायू तयार करणाऱ्या पेट्या घेतल्या गेल्या. त्यांतली एक नायट्रोजनची. पण नायट्रोजन 'तयार' होतो हे म्हणणे खरे नाही. हवेत तो सुमारे ७८ टक्के असतोच. पेटी फक्त बाकीचे बाजूला करते. तिच्या आत दोन उभे स्तंभ असतात, कार्बनच्या काळ्या दाण्यांनी भरलेले. त्या दाण्यांना इतकी बारीक छिद्रे असतात की प्राणवायूचा रेणू त्यांत चटकन शिरतो आणि नायट्रोजनचा रेणू रेंगाळतो. दोन रेणूंच्या आकारांतला फरक म्हणजे ३.४६ आणि ३.६४ ॲंगस्ट्रॉम. एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चालतो. दाबाखालची हवा एका स्तंभातून जाते, प्राणवायू दाण्यांत अडकतो, नायट्रोजन पुढे निघतो. थोड्या वेळाने दाब दुसऱ्या स्तंभाकडे वळवतात, आणि पहिला स्तंभ दाब उतरताच अडकलेले सारे बाहेर सोडून देतो. एक धरतो तेव्हा दुसरा सोडतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत 'पीएसए' ही अक्षरे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत ते प्रकल्प उभे राहत होते. तत्त्व हेच, दाणे वेगळे. तिथले दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. तिथे जे फेकून द्यायचे तेच इथे हवे असते. ज्याच्या नावातच आपण प्राण घातला आहे तो वायू क्रोमॅटोग्राफच्या दृष्टीने मळ आहे, हे कळल्यावर 'शुद्ध' या शब्दाविषयीचा आमचा वर्षानुवर्षांचा समज जरा हलला. शुद्धतेविषयी आम्ही वर्गात बरेच बोलत असतो. भाषाशुद्धी, शुद्धलेखन, शुद्ध कविता वगैरे. पण कशापासून शुद्ध आणि कोणत्या कामासाठी, हे दोन प्रश्न त्यासोबत विचारायचे असतात, हे एका तंत्रज्ञाकडून शिकावे लागले.

त्याने आम्हांला एक मानक दाखवले : 'आयएसओ ८५७३-१', २०१० ची आवृत्ती. दाबलेल्या हवेची स्वच्छता तीत तीन अंकांनी सांगतात. पहिला अंक धूलिकणांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा तेलाचा. तेलाच्या पहिल्या वर्गात एका घनमीटर हवेत ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक तेल चालत नाही. पाणी मात्र वजनाने न मोजता दवबिंदूने मोजतात. आमच्या विषयात दवबिंदू पानावर असतो, फार तर कवीच्या डोळ्यांत. इथे ते एक तापमान आहे. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते. दुसऱ्या वर्गाच्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंश असावा लागतो. म्हणजे हवा इतकी कोरडी, की उणे ४० पर्यंत थंड करीपर्यंत तिच्यातून ओल निघू नये. या वर्गवारीत एक 'शून्य वर्ग'ही आहे. आम्ही अर्थातच त्याचा अर्थ 'काहीही मळ नाही' असा केला. तंत्रज्ञ हसला. शून्य वर्ग म्हणजे पहिल्याहून कडक, एवढेच. नेमके किती, ते वापरणाऱ्याने वा पुरवठा करणाऱ्याने आकडा लिहून ठरवायचे असते. आकडा लिहिला नाही तर त्या शून्याला अर्थ नाही.

आणि आता कोकणातला पावसाळा. जुलै महिन्यात तीस अंशाच्या आसपास तापमान, ८५ टक्के आर्द्रता. अशा आठ घनमीटर हवेत दोनशे ग्रॅमहून थोडे अधिक पाणी बाष्परूपाने असते. कॉम्प्रेसर ती आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवतो. पुन्हा तीस अंशाला निवलेल्या त्या एक घनमीटर जागेत मात्र तीसच ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेले पावणेदोनशे ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी उतरते. ते रोज सोडावे लागते. त्यासाठीच ती पोटाखालची तोटी. सोडले नाही तर ते हवेबरोबर पुढे गाळण्यांत शिरते.

आमचा कॉम्प्रेसर तेलावर चालणारा होता. दट्ट्याला वंगण लागते, आणि त्या वंगणाचा सूक्ष्म फवारा हवेत मिसळतो. तेलविरहित कॉम्प्रेसर मिळतात, पण ते महाग. २०१७ ची खरेदी काटकसरीची होती. तेल अडवायला पुढे गाळण्या होत्या, आणि गाळणी तेलाचे थेंब अडवते. तेलाची वाफ मात्र तिच्यातून सरळ निघून जाते आणि ती धरायला वेगळा कोळशाचा थर लागतो, जो हवा गरम असेल तर नीट धरत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय उष्मा असतो ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. शिवाय कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड जनित्राच्या धुराड्यापासून हातभर अंतरावर आले होते. वीज गेली की जनित्र चाले, आणि कॉम्प्रेसर तो धूर दाबून प्रयोगशाळेत पाठवी.

तंत्रज्ञाने नायट्रोजनच्या पेटीचा स्तंभ उघडला आणि काळे दाणे पांढऱ्या कागदावर ओतले. कागदावर तेलकट डाग पसरला. पाणी असते तर दाणे पुढेमागे सुकवता आले असते, तो म्हणाला. तेल एकदा छिद्रांत बसले की निघत नाही. दाणे फेकायचे.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या परिचराला आम्ही बोलावले. त्यांना सगळे महाविद्यालय मामा म्हणते, आम्हीही. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ते आठ वर्षे काम करीत होते. निचऱ्याची वही त्यांनी आपणहून ठेवलेली होती. शाळकरी दुरेघी वही, तारीख आणि सही. ऑगस्ट २०२२ पर्यंत एक दिवस चुकलेला नव्हता. त्यानंतर वही कोरी.

"पाणी का सोडलं नाहीत, मामा?"

"चावी वॉचमनकडं असायची, सर. जनित्राची शेड ना ती. मी तोंडी सांगितलेलं ऑफिसात दोनदा."

"लेखी दिलंत का?"

"नाही, मॅडम." मग थोडे थांबून ते म्हणाले, "इथं जिन्याखाली होता तेव्हा घरी जाता जाता सोडायचो. पातळ चहासारखं पाणी यायचं."

एवढेच. तो जिन्याखालून कोणामुळे गेला हे त्यांना ठाऊक होते. ज्या दिवशी हलवला त्या दिवशी टाकीला हात त्यांनीच लावला होता. ते बोलले नाहीत, आणि आम्हीही विषय काढला नाही.

अहवाल आम्ही दोन रात्रीत लिहिला. तेलाचा कॉम्प्रेसर, न बदललेल्या गाळण्या, उष्मा, धूर, सारे त्यात आले. मग जबाबदारीच्या परिच्छेदात पुढची वाक्ये आली. 'सदर कॉम्प्रेसर ऑगस्ट २०२२ मध्ये जनित्रकक्षात हलविण्यात आला. तदनंतर प्रयोगशाळा परिचराकडून टाकीतील पाण्याचा निचरा केला गेला नाही. परिचराने कक्षाची किल्ली लेखी मागितल्याचे आढळून येत नाही.' तिन्ही वाक्ये खरी आहेत. पुराव्याने सिद्ध होतील अशी आहेत. लेखापालांनी अहवालाच्या भाषेची तारीफ केली. सप्टेंबरपासून मामांच्या वेतनातून दरमहा हजार रुपये कापले जाऊ लागले, आणि पुढचे कंत्राट 'विचाराधीन' ठेवण्यात आले.

नोव्हेंबरात आमच्यापैकी एकाने व्यावहारिक मराठीच्या तासाला अहवाललेखनाचा नमुना म्हणून हाच परिच्छेद, ओळख पटेल असे तपशील काढून, फळ्यावर लिहिला. हेतू साधा होता. 'परिचराकडून केला गेला नाही' हा कर्मकर्तरी प्रयोग दाखवायचा होता, आणि '-ण्यात येणे' ही कार्यालयीन मराठीची लाडकी रचना. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पहिल्या वाक्यात कर्ता कोण?"

लुप्त आहे, असे उत्तर दिले गेले. संदर्भाने कळतो.

"पण संदर्भातपण नाही ना, सर."

त्या संध्याकाळी विभागात आम्हां दोघांत बराच वाद झाला. एकाचे म्हणणे असे होते की कॉम्प्रेसर हलवण्याचा आदेश प्राचार्यांचा होता. आम्ही केवळ गैरसोय कळवली, ते आमचे कर्तव्यच होते. जनित्राशेजारी ठेवा असे आम्ही कोठेही लिहिले नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे असे की हे सर्व खरे मानले तरी आम्ही समितीवर बसायला नको होते. आणि बसलोच, तर पहिल्या वाक्यात 'मराठी विभागाच्या लेखी तक्रारीवरून' हे चार शब्द यायला हवे होते. ते राहिले नाहीत, वगळले गेले. ('वगळले गेले' असे येथे पुन्हा लिहिले आहे. खोडत नाही.) कोणती बाजू कोणी घेतली ते सांगत नाही. वादात मध्येच बाजूंची अदलाबदल झाली, आणि दोघांनाही आपली जुनी बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना.

वाक्यरचनेचे दोष दाखवणे हा आमचा पेशा आहे. कादंबरीकार पात्राला कर्तेपण नाकारतो तेव्हा काय होते, सत्ता भाषेत कशी लपते, यावर आम्ही शोधनिबंध वाचलेले आहेत, चर्चासत्रांतून टाळ्या घेतल्या आहेत. स्वतः तीन वाक्ये लिहायची वेळ आली तेव्हा जिथे आम्ही होतो तिथे कर्ता गाळला आणि जिथे मामा होते तिथे 'कडून' लावून तो ठळक केला. हे आम्ही ठरवून केले नाही. हात सवयीने तसा चालला. ठरवून केले असते तर निदान एकदा तरी विचार झाला असता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुरवणी टिपण दिले. २०२२ चे आमचे पत्र त्याला जोडले. अर्थाचा तंतू तुटतो, हे शब्द प्राचार्यांसमोर पुन्हा मोठ्याने वाचावे लागले. प्राचार्य म्हणाले, अहवाल व्यवस्थापनाकडे गेला आहे, आता कशाला. आम्ही टिपण परत घेतले नाही. जानेवारीपासून कपात थांबली. मामांचे कंत्राट पुढे चालू राहिले, ते आमच्या टिपणामुळे की दुसरा माणूस मिळाला नाही म्हणून, हे आम्हांला निश्चित सांगता येणार नाही. कापलेले चार हजार रुपये त्यांना आजवर परत मिळालेले नाहीत. आम्ही देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. "तुमचं नाही ते, कॉलेजचं आहे," म्हणाले. यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. कोकमाच्या तेलावर काम करणारी ती मुलगी आपले नमुने घेऊन दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली आणि तिचे वर्ष वाचले, पण उशिरा. तिला आम्ही भेटलो नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात नवा कॉम्प्रेसर आला, तेलविरहित. सोबत हवा कोरडी करणारे उपकरण आणि पेटीसाठी नवे काळे दाणे. मागणीपत्राच्या मसुद्यावर नजर टाकण्यासाठी रसायनशास्त्र विभागाने तो आमच्याकडे पाठवला होता. त्यात 'स्वच्छ व कोरडी हवा' असे होते. आम्ही 'स्वच्छ'पुढे फुली मारली आणि त्यांच्याकडूनच तीन अंक लिहून घेतले.

तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. हवा ओढणारे तोंड धुरापासून लांब हवे, जागा सावलीची हवी, नळी आखूड हवी, आणि मामांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवी. अशी जागा इमारतीत एकच आहे. तेलविरहित कॉम्प्रेसर जुन्याहून शांत असतो अशी आमची कल्पना होती. तसे काही नाही.

आता तो सुरू झाला की तासाला आम्ही थांबतो. मुले पाने चाळतात, कोणी पाणी पिते. तो थांबला की ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोळातून तोटीचा फस्स आवाज येतो आणि मग बादलीत पाणी पडल्याचा. परवा मामांनी दार वाजवून आम्हांला बोलावले आणि बादली दाखवली. "बघा मॅडम, सर. नितळ." पाणी खरोखरच नितळ होते. त्यांनी खिशातून ती दुरेघी वही काढली, तारीख घातली, सही केली आणि बादली बाहेरच्या जास्वंदीला ओतून ते बस गाठायला निघाले.